रोह्याला गेलेली बाळं

थोरल्या काकीनं मला फसवलं. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते आणि ती माझ्या खेळात येऊन बसली होती. फसवणूक त्या खेळातच झाली. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट उलटी सांगतात. काकीनं पोरीच्या हाताला वळण लावलं, म्हणून आज पेणच्या बाजारात हिचं पोहे-पापडाचं दुकान उभं आहे, असं लग्नाकार्यात कोणी ना कोणी म्हणतंच आणि जेवणारे हात थांबवून माझ्याकडे कौतुकानं बघतात. दुकान मी उभं केलं. गिरणीवाल्यांशी, गाळेमालकाशी, पिशव्या छापणाऱ्याशी भांडून उभं केलं, आणि अजूनही माझ्याशी भाव करायला येणारा माणूस पाणी पिऊन येतो. त्यात काकीचा वाटा किती, ते मी ठरवीन. पण इथं मला दुकानाचं लिहायचंच नाही. दुकानाच्या आधीचं लिहायचं आहे.

आम्ही पेणला भाड्याच्या घरात राहायचो. पुढं ओटी, मध्ये दोन अंधाऱ्या खोल्या, मागं पडवी आणि पडवीच्या पलीकडं शेणानं सारवलेलं अंगण. अप्पा भाताच्या गिरणीत कामाला होते. ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर कोंडा असायचा आणि कानात गिरणीचा आवाज, त्यामुळं ते फार कमी आणि फार मोठ्यानं बोलायचे. आई गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. मोठे काका मुंबईत, सणाला येणारे. म्हणजे दिवसभर घरात मी आणि काकी. काकीला तेव्हा मूल नव्हतं. तिचा मुलगा पुष्कळ नंतर झाला. घरात तिला कोणी याबद्दल बोलत नसे, पण हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझी वेणी कुरवाळत तिच्याकडं बघायच्या, एवढं मला आठवतं.

काकी पोह्याचे पापड करायची, विकायला. आधी चुलीवर पाणी उकळायचं, त्यात पापडखार, मीठ, हिंग. मग पोह्याचं पीठ घट्ट भिजवून उखळात कांडायचं. तो आवाज अजून माझ्या छातीत आहे. मुसळ खाली येताना धप्प, वर जाताना काकीच्या बांगड्या, आणि मध्येच तेलाचा हात फिरवताना एक चिकट शांतता. कांडून पीठ लोण्यासारखं झालं की त्याची लांब वळी करायची आणि दोऱ्यानं कापून लाट्या पाडायच्या. कच्ची लाटी तेलात बुडवून खायची ती चव ज्याला माहीत नाही त्याला मी समजावत बसणार नाही. जिभेला खार लागतो, तिखट नाकात जातं आणि तरी हात पुन्हा परातीकडं जातो. दुपारी जेवायला वालाचं बिरडं नाहीतर सुकट, भात, आणि मग काकी पडवीत पोळपाट घेऊन बसायची ती ऊन उतरेपर्यंत.

मी तिच्या समोर बसायचे. माझ्याकडं भातुकलीतलं लाकडी पोळपाट होतं, तळहाताएवढं. एकदा काकीनं मला लाटीचा तुकडा दिला, मी गप्प बसावं म्हणून दिला असेल. मी तो लाटला. वाकडातिकडा, जाड, पण गोल. मग खराट्याची काडी घेऊन मी त्याला दोन डोळे पाडले. का पाडले ते माहीत नाही. डोळे पाडल्याबरोबर तो पापड राहिला नाही, बाळ झालं. मी त्याला अंगणात जुन्या साडीवर, काकीच्या मोठ्या पापडांच्या शेजारी झोपवलं आणि शेजारी बसून राहिले.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, अगो, खायच्या वस्तूशी काय खेळतेस. काकी आली, पदर सावरून माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “झोपलं काय गो?”

मी म्हटलं, “आत्ताच झोपलं. रडत होतं.”

“दात येत असतील.”

“त्याला तोंडच नाय.”

“मग रडलं कुठनं?”

“डोळ्यांतनं.”

काकीनं मान हलवली, जणू हे तिला सुचायला हवं होतं. “व्हय की. मंग त्याला कुशीवर वळवाय लागंल जरा वेळानं. एकाच अंगावर झोपलं तर डोकं चपटं होतं.”

आणि जरा वेळानं आम्ही त्याला वळवलं.

मी आज सत्तरीला आले आहे आणि खूप माणसं पाहिली आहेत. लहान पोराच्या खेळात असं शिरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती कधी हसली नाही. ती कधी दुसऱ्या बाईला डोळा मारून म्हणाली नाही, बघा पोरगी काय करते. ती विचारायची आणि मी सांगेन ते खरं धरायची. मी म्हटलं आज बाळांना ताप आहे, की ती मनगटाच्या मागच्या बाजूनं एकेका पापडाला हात लावून बघायची. मी म्हटलं कावळा हा पोरं पळवणारा आहे, की ती काठी घेऊन दारात पहाऱ्याला बसायची. शेजारची बाई मीठ मागायला आली तर काकी ओठांवर बोट ठेवायची, “हळू गो, पोरं निजल्यात.” बाई गोंधळून हळू बोलायची. त्या दुपारी मी त्या अंगणाची मालकीण होते. तेवढी मालकी मला पुढं स्वतःच्या दुकानातही वाटली नाही.

बाळं वाढत गेली. आधी एक असायचं, मग साडीची एक कड माझी झाली, मग अर्धी साडी. काकी म्हणायची, “आज तुझ्या बाळाला भावंडं नाय झाली काय? एकटं कंटाळंल ते.” मग मी भावंडं करायचे. ती म्हणायची, “हे जरा जाड झालंय, याला पळता यायचं नाय,” आणि मी पुढचं पातळ लाटायचे. तिनं मला माझ्या खेळण्यातल्या पोळपाटाऐवजी खरं पोळपाट दिलं. “बाळं मोठी झाली, त्यांना मोठं घर पाहिजे.” मला ते अगदी पटलं. माझी बोटं दुखायची, पण आईची बोटंही दुखतात हे मी पाहिलेलं होतं.

आणि संध्याकाळी साडी रिकामी असायची. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा काकी पापड डब्यात भरत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, “मामाच्या गावाला गेली. रोह्याला.”

“माझा मामा तर वाशीला ऱ्हातो.”

“तुझा वाशीला. त्यांचा रोह्याला.”

काकीचं माहेर रोह्याचं, नदीपलीकडं अष्टमीला. तिच्या भावाची तिथं खानावळ होती. डबे एस.टी.नं तिकडं जायचे. हे सगळ्या घराला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, म्हणजे डबे जातात हे माहीत होतं. पण माझ्या डोक्यात रोहा म्हणजे असं गाव होतं जिथं माझी सगळी बाळं एका मोठ्या अंगणात राहतात, नदीत पाय सोडून बसतात आणि तो मामा त्यांना गोष्टी सांगतो. मी काकीला विचारायचे, ती काय खातात, आणि ती सांगायची. भात खातात, चिंबोरी खातात. चिंबोरीचा नांगा त्यांना फोडता येत नाही, मामा फोडून देतो. एवढ्या तपशिलात खोटं बोलायची.

मागच्या वर्षी माझ्या नातीच्या बालवाडीत पालकांची सभा होती. सुनेला ड्युटी होती म्हणून मी गेले. बाई तरुण, गोड बोलणारी. म्हणाली, आजी, रोज थोडा वेळ मुलांबरोबर जमिनीवर बसा, खेळात शिरा, पण त्यांना शिकवू नका, त्या खेळात मूल म्हणेल तसं वागा. सगळ्या आया माना हलवत होत्या. मी उभी राहिले. म्हटलं, बाई, बसायचं कसं ते सांगितलंत, उठायचं कसं ते कोण सांगणार? खेळात शिरलेल्या मोठ्या माणसानं त्यातलं काही उचलून बाहेर न्यायचं नाही, हे आधी सांगा. बाईला समजलं नाही. कोणीतरी म्हणालं, आजी बसा. माझा आवाज चढला होता. मी बसले नाही, घरी आले. नात दारातच भातुकली मांडून बसली होती. तिनं मला एक रिकामा कप दिला आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली. मी कपात पाहिलं. कपात काही नव्हतं. मी किती वेळ तो हातात धरून उभी होते कोण जाणे, शेवटी तिनंच तो काढून घेतला.

काकीच्या भाच्याचा साखरपुडा ठरला आणि आम्ही सगळे रोह्याला निघालो. मला कोणी सांगितलं नाही की तू तिथं काय बघशील आणि काय बघणार नाहीस. सांगायचं कोणाच्या मनातच आलं नसणार. मी आदल्या दिवशी आईच्या रंगाच्या फडक्यांतून चिंध्या फाडून ठेवल्या होत्या, एकेका बाळाला एकेक पांघरूण. त्यांची गुंडाळी करून मी परकराच्या नाडीत खोचली. काकीनं ती पाहिली. विचारलं, “हे काय गो?” मी म्हटलं, “पोरांना.”  ती माझ्या केसांना तेल लावायला लागली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत बसली. तेव्हा ती सांगू शकली असती.

एस.टी.त मी खिडकीशी होते. वडखळला मी विचारलं, आलं काय. नागोठण्याला विचारलं, आलं काय. खांबला अप्पा ओरडले, “आता गप बस नायतर खाली उतरवीन,” आणि सगळी गाडी हसली. काकी नेहमी अशा वेळी माझ्या बाजूनं काहीतरी बोलायची. त्या दिवशी ती पुढच्या सीटवर मान वळवून बाहेर बघत होती. कुंडलिकेच्या पुलावर गाडी आली तेव्हा मी उभी राहून नदीच्या काठांकडं पाहिलं. काठावर बायका कपडे धूत होत्या आणि म्हशी बसल्या होत्या.

मामाचं घर माणसांनी भरलेलं होतं. मी आधी अंगण पाहिलं, मग मागची पडवी, मग गोठा. मामा भला माणूस, पोट पुढं, खांद्यावर पंचा. त्याला जाऊन मी विचारलं, “पोरं कुठं हायत?” तो म्हणाला, “पोरं काय, गावभर बोंबलत फिरत असतील. भूक लागली की येतील. तू कोणाची गो?” मी सांगितलं. “अरे वा, पेनची व्हय! जा जा, पंगतीला बस, पयली पंगत लहानांची.”

मी पंगतीला बसले. डावीकडं अप्पा बसले, ते लहान नव्हते पण त्यांना गाडी पकडायची घाई होती. पत्रावळीवर भात आला, वरण आलं, बटाट्याची भाजी आली. मग काकी पापडांची पाटी घेऊन वाढायला आली. तळलेले, फुललेले, पांढरे. तिनं वाकून माझ्या पत्रावळीवर एक ठेवला. त्याला दोन डोळे होते. तळल्यावर मोठे झालेले.

मी वर पाहिलं. काकी हसत होती. मोठ्यानं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली, “खा गो, तुझ्याच हातचा हाय! ऐकलं का मंडळी, ही पापडं आमच्या बायनं लाटल्यात, एवढुश्या पोरीनं!”

“काय सांगता!” कोणीतरी म्हणालं.

“हात बघा कसा हाय. एकसारखं लाटते.”

“आता हिला हितंच ठेवून घ्या,” मामा दारातून म्हणाला. “माझ्या खानावळीत याच डोळेवाल्या पापडाला मागणी हाय. गिऱ्हाईक म्हणतं, तो बघणारा पापड द्या.”

सगळी पंगत हसली. सगळे माझ्याकडं बघत होते आणि सगळ्यांच्या पत्रावळीवर ती होती. अप्पांनी त्यांचा पापड मुठीत धरून मोडला. गिरणीमुळं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळंच जोरात करायचे. तो आवाज फार मोठा झाला. मग त्यांनी चुरा भातावर टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर मला शाबासकी दिली. “चांगला झालाय,” म्हणाले. “पातळ.”

मी रडले असते तर बरं झालं असतं. रडले असते तर आईनं उचललं असतं, कोणीतरी विचारलं असतं काय झालं, आणि काकीला काहीतरी सांगावं लागलं असतं. मी रडले नाही.  काकी अजून पाटी घेऊन समोर उभी होती, वाट बघत. मी पापड उचलला आणि खाल्ला. चव चांगली होती. हिंग जरा जास्त होता.

चिंध्या मी येताना पुलावरून नदीत टाकल्या नाहीत की काही नाही. त्या घरी आल्या आणि आईनं पुन्हा ब्रश पुसायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी पडवीत पोळपाट मांडून बसली आणि तिनं मला हाक मारली, त्याच हळू आवाजात. “ये गो, बाळं झोपवायची ना?”

मी म्हटलं, “पापड लाटायचेत ना? लाटते.”

तिचं लाटणं थांबलं. मी बसले आणि लाटायला लागले, पातळ, एकसारखे. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “डोळे काढायचे राहिले.” मी म्हटलं, पापडाला डोळे नसतात. ती म्हणाली, “काढ गो, लोकं तेच मागतात.” मी काडी उचलली नाही. ती तिनं माझ्याजवळ सरकवली. तेव्हा मी म्हटलं, एका साडीभर डोळे काढीन, पण त्याच्या आधी तेल लावून लाटी पाहिजे, आणि ती मी निवडीन. काकीनं दिली. हा माझा पहिला सौदा. घरात तो अजून हसून सांगतात: बघा, एवढीशी होती तेव्हापासून पक्की. ते सांगतात तेव्हा मी ऐकते आणि हसत नाही, तर म्हणतात स्वभाव तापट आहे.

त्यानंतर मी खेळले नाही. मैत्रिणी लगोरी खेळायच्या, सागरगोटे खेळायच्या, तिथं मी होते, जिंकायचेसुद्धा. पण बसून एखादी वस्तू हातात घ्यावी आणि ती दुसरीच काही व्हावी, हे पुन्हा झालं नाही. दगड दगड राहिला. याचं मला दुःख होतं असंही म्हणवत नाही. कापून बऱ्या झालेल्या बोटाच्या टोकाला काही जाणवत नाही, तसं आहे. व्यापाराला हे फार उपयोगी पडलं. समोरचा माणूस मालाबद्दल काहीही रंगवून सांगो, मला फक्त माल दिसतो.

काकी अजून आहे. तिचा मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, त्याच्याकडं रोह्यालाच असते. पाय गेलेत, डोळे गेलेत, कान शाबूत. गेल्या दिवाळीत मी फराळ घेऊन गेले. पलंगाशी बसले. तिची सून चहा टाकायला आत गेली तेव्हा मी सरळ विचारलं, “काकी, तू माझ्याबरोबर खेळत होतीस, का माझ्याकडून काम काढून घेत होतीस?”

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. विसरली असेल असं मला वाटलं होतं. विसरली नव्हती. म्हणाली, “दोनी एकच की गो. काम करता करता खेळ.”

“एक नव्हतं.”

“तुझं चांगलंच झालं ना?”

“ते विचारत नाय मी.”

“मंग काय इचारतेस?” आणि मी सांगायच्या आत सून चहा घेऊन आली, मुलगा शिफ्टवरून आला, त्यानं दुकान कसं चाललंय विचारलं, आणि काकीनं डोळे मिटून घेतले. झोपली नव्हती. झोपलेल्या माणसाचा श्वास मला ओळखता येतो.

म्हणून इथं लिहिते, आणि तिच्या सुनेला सांगून ठेवलंय की हे तिला मोठ्यानं वाचून दाखव, मध्ये काही गाळू नकोस. काकी, मी तुझ्याकडं हिशोब मागत नाही. घराला पैसा लागत होता हे मला कळतं, तुझ्यापेक्षा जास्त कळतं. रोह्याचं खोटं बोललीस तेही राहू दे. पंगतीत मला दाखवून मिरवलंस, तेही तू चांगल्या मनानं केलंस असं मी धरून चालते. पण तू मनगट उलटं करून त्यांचा ताप बघायचीस. तेव्हा मी समोर नसताना, मी पाणी प्यायला आत गेले असताना, तू एकदा तरी त्यांच्याशेजारी तशीच बसून राहिली होतीस का? एक तरी दुपार तुलाही ती पोरं वाटली होती का? हो असेल तर हो म्हण, नाही असेल तर नाही म्हण. डोळे मिटू नकोस. मी येत्या रविवारी येते आहे, आणि या वेळी सुनेचा चहा होईपर्यंत नाही, तू बोलेपर्यंत बसणार आहे.